फोनवर भाषा शिकताना एकाला येते, दुसऱ्याला का येत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लास न लावता नुसत्या फोनवर जर्मन, जपानी, कन्नड नाहीतर इंग्लिश शिकणाऱ्यांचे प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. कुठलं ॲप बेस्ट याची यादी हवी असेल तर ती इथे मिळणार नाही, कारण एकच ॲप दोन माणसांच्या हातात दोन वेगळी कामं करतं आणि सगळी गंमत (आणि सगळा मनस्ताप) तिथेच आहे.

मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने एकाच दिवशी जर्मन शिकायला ड्युओलिंगो हे ॲप टाकलं, रोज सारखाच वेळ देतो. ती वाक्यं बोलायला लागली आणि मी अजून शब्दांतच अडकलेय. असं का?

कारण वेळ सोडला तर तुमच्या दोघींत सारखं असं फार काही नाहीये. जॉन कॅरोल आणि स्टॅन्ली सॅपन यांनी १९५९ मध्ये अमेरिकेत भाषेचा कल मोजायची एक परीक्षा काढली होती, आणि कॅरोलच्या मते हा कल म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी: अनोळखी आवाज ऐकून तो डोक्यात टिकवणं, वाक्यात कुठला शब्द काय काम करतोय हे जाणवणं, उदाहरणं बघून नियम आपला आपण हुडकणं, आणि चौथं म्हणजे साधं पाठांतर. आता ड्युओलिंगोची रीत बघा, ते वाक्यांमागून वाक्यं टाकत राहतं, नियमाची टीप असते छोटीशी पण ती किती जण उघडतात देव जाणे. म्हणजे नियम हुडकणाऱ्या माणसासाठी ते मस्त आहे आणि ज्याला आधी कुणीतरी नियमांचं टेबल दाखवायला लागतं तो तिथे चाचपडत बसतो. वर्गात बाई तोंडाकडे बघून ओळखतात की हिला कळलं नाही, मग दुसऱ्या पद्धतीने सांगतात. फोनला तोंड दिसत नाही, तो फक्त तुमचं उत्तर चुकलं एवढं सांगतो आणि तेच वाक्य परत आणतो.

२०१९ मध्ये शॉन लोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा अभ्यास आला होता, नऊ जण ड्युओलिंगोवर तुर्की शिकले, एका सेमिस्टरभर, टार्गेट ३४ तासांचं. सगळे काही ना काही शिकले, ज्यांनी जास्त वेळ दिला त्यांची प्रगतीही साधारण जास्त दिसली, पण युनिव्हर्सिटीतल्या पहिल्या सेमिस्टरचा तुर्कीचा पेपर दिल्यावर पास झाला एकच. नऊ म्हणजे फार माणसं नाहीत हे खरं, तरी सारखं ॲप आणि सारखं टार्गेट असून निकाल असा फाकतो हे त्यात दिसतं.

तुमच्यासाठी उपाय सोपा आहे, नियम आधी वाचा. कुठल्याही जुन्या जर्मन व्याकरणाच्या पुस्तकातलं पान चालेल, यूट्यूबवर कुणी फळ्यावर समजावलेलं चालेल, आणि मग ॲपवर जा.

म्हणजे मला भाषेचं डोकं नाही असंच ना?

नाही हो. वरच्या चार गोष्टींपैकी एकात कच्चे असाल, चारहीत कच्चा माणूस अजून भेटलेला नाही. शिवाय जो माणूस घरी मराठी, रिक्षात हिंदी आणि ऑफिसच्या मेलमध्ये इंग्लिश वापरतो त्याने स्वतःला भाषेचं डोकं नाही म्हणणं जरा अति होतं. घरच्या घरी एक चाचणी करा: नव्या भाषेतलं सात-आठ शब्दांचं वाक्य ऐका, फोन खाली ठेवा आणि तसंच म्हणून बघा. आवाज हरवतात? मग ऐकण्यावर जोर द्या. आवाज राहतात पण शब्दांचा क्रम विस्कटतो? मग व्याकरण. दोन्ही जमतं पण आठवड्याने काहीच आठवत नाही? मग अंकी हे पाठांतराच्या कार्डांचं ॲप वगैरे.

क्लासशिवाय खरंच येते का भाषा? नुसतं ऐकून, बोलून?

यावर दोन माणसांच्या गोष्टी आहेत, दोन्ही खऱ्या, दोन्ही अभ्यासकांनी लिहून ठेवलेल्या (नावं बदललेली), आणि दोन्ही मोबाईलच्या कितीतरी आधीच्या. पण फोनवर शिकणाऱ्या प्रत्येकाने त्या ऐकाव्यात असं माझं मत आहे.

पहिला वेस. जपानी चित्रकार, तिशीत हवाईला गेला आणि इंग्लिश शिकला ते लोकांत राहून. रिचर्ड श्मिट यांनी त्याला काही वर्षं जवळून पाहून १९८३ मध्ये लिहिलं. वेस गप्पिष्ट, माणसांत रमणारा, त्याचं काम कुठे अडायचं नाही, गोऱ्या मित्रांशी त्याच्या तासन्‌तास गप्पा चालायच्या. पण व्याकरण? ते जवळपास जिथल्या तिथेच राहिलं, भूतकाळाचे प्रत्यय, अनेकवचनं, सगळं आहे तिथेच. त्याला त्याचं काही वाटायचं नाही कारण समोरच्याला कळत होतं ना.

दुसरी ज्युली. ब्रिटिश बाई, एकविसाव्या वर्षी इजिप्तला गेली, तिथल्याच माणसाशी लग्न, अरबीचा क्लास आयुष्यात कधी लावला नाही. १९९४ मध्ये तिच्यावर अभ्यास छापून आला, तिचं बोलणं तिथल्याच अरबी बोलणाऱ्यांना ऐकवलं तर बहुतेकांना ती आपल्यातलीच वाटली. आता फरक बघा. ज्युली पहिल्यापासून एक वही ठेवायची, कानावर पडेल ते, भाषा कशी चालते याबद्दल जे कळेल ते त्यात टिपायची, आणि कुणी चूक सुधारली तर तिला राग यायचा नाही, उलट ती ते घेऊन टाकायची.

दोघंही क्लासशिवाय, दोघांच्या भोवती माणसंच माणसं. एकाचं लक्ष काम होण्यावर, दुसरीचं कामासोबत भाषेच्या रूपावरही. श्मिट यांनीच पुढे १९९० मध्ये मांडलं की जे तुमच्या लक्षात येतं तेच आत उतरतं, नुसतं कानावरून गेलेलं पुरत नाही. फोनवर हे रोज दिसतं. अ‍ॅनिमे बघून जपानी शिकलेली पोरं घ्या, ऐकून कळतं त्यांना भरपूर, पण बोलायला लागली की स्वतःला ‘ओरे’ आणि समोरच्याला ‘ओमाए’, म्हणजे थेट अरेतुरे, आणि ते जपानी साहेबासमोर केलं तर मीटिंग संपलीच समजा. त्याच सिरीज बघणारं दुसरं एखादं पोरगं मात्र थांबून विचार करतं की हा शाळेतला मुलगा शिक्षकांशी बोलताना क्रियापदाच्या शेवटी ‘मासु’ का लावतोय आणि मित्राशी का लावत नाहीये. तास दोघांचे तेवढेच जातात.

तुम्ही वेस आहात की ज्युली हे तुम्हाला आधीच माहीत असेल. वेस असाल तर बोलणं थांबवू नका, फक्त फोनच्या नोट्समध्ये रोज एखादीच गोष्ट टिपा जी तुम्ही चुकीची बोलता आणि समोरचा बरोबर बोलतो. आणि नुसतंच टिपणारे, तोंड न उघडणारे असाल तर पुढे त्यावर वेगळा प्रश्न आहे.

माझी वर्षभराची स्ट्रीक आहे पण जर्मन माणूस समोर आला तर गुटेन मॉर्गनच्या पुढे गाडी जात नाही.

स्ट्रीक म्हणजे तुम्ही ॲप रोज उघडलंत याची पावती. तीन मिनिटांचा एक धडा केला तरी स्ट्रीक टिकते, रात्री पावणेबाराला झोपेत केला तरी टिकते, वर फ्रीझ (चुकलेला दिवस भरून काढायची ॲपमधली सोय) वापरलं तर न करताही टिकते. त्यात वाईट काही नाही, काही माणसांना असा धाक लागतो आणि त्यावर ती खरंच पुढे जातात. पण माणसामाणसात फरक असतो. स्पर्धेचं वेड असलेला माणूस लीगमध्ये, म्हणजे ॲपवरच्या पॉइंटच्या यादीत, वर यायला जुने सोपे धडे परत परत करून पॉइंट गोळा करतो आणि अवघड धडा टाळतो, म्हणजे आकडा वाढतो आणि भाषा तिथेच.

का शिकताय यावरही बरंच ठरतं. कॅनडात गार्डनर आणि लॅम्बर्ट यांनी फार आधी हे वेगळं करून दाखवलं की कुणी नोकरी-परीक्षेसाठी शिकतं आणि कुणाला त्या लोकांत मिसळायचं असतं. पुढे झोल्टान डोर्नेई यांनी २००५ मध्ये म्हटलं की आपण स्वतःला पुढे कसं बघतो हे महत्त्वाचं, आणि ते दोन प्रकारचं असतं, एक मला व्हायचंय ते आणि एक लोकांच्या मते मी व्हायला पाहिजे ते. आपल्याकडे दुसरा प्रकार उदंड. काकांचा मुलगा स्टुटगार्टला गेला म्हणून जर्मन, कंपनीत जपानी येणाऱ्याला पगार जास्त म्हणून जपानी. क्लासमध्ये हे चालून जातं कारण फी भरलेली असते आणि बाई ओरडतात. फोनवर कुणी ओरडत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या सांगण्यावरून सुरू केलेलं साधारण पावसाळा संपेपर्यंत बंद पडतं.

मी व्हिज्युअल लर्नर आहे, म्हणजे मला बघून जास्त कळतं, मला कुठलं ॲप?

हा प्रकार विसरा. २००८ मध्ये हॅरल्ड पॅश्लर आणि मंडळींनी लर्निंग स्टाइलवरचं सगळं संशोधन चाळलं आणि माणसाची स्टाइल ओळखून तशी शिकवणी दिली की जास्त येतं याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तुम्हाला चित्रं आवडतात, ठीक आहे, बघा. पण भाषा ऐकावी लागतेच.

माझं वय ५८. मुलगी म्युनिकला असते, जावई जर्मन. आता या वयात डोक्यात जाईल का?

जाईल. वयाबद्दल जे ऐकू येतं त्यातलं बरंचसं अर्धवट असतं. २०१८ मध्ये हार्टशोर्न, टेननबॉम आणि पिंकर यांनी इंटरनेटवरच्या एका व्याकरणाच्या क्विझमधून जवळजवळ पावणेसात लाख लोकांची माहिती जमवली, त्यात इंग्लिश व्याकरण शिकायची क्षमता साधारण सतरा-अठरा वर्षांपर्यंत टिकते आणि मग उतरते असं निघालं. पण तिथे मोजत होते जन्मजात बोलणाऱ्याइतकं पक्कं व्याकरण. तुम्हाला जावयाच्या आईबरोबर चहा प्यायचाय, नातवाला झोपव म्हणायचंय, बेकरीत पाव मागायचाय. त्याला एवढं लागत नाही.

वयाने खरा फरक पडतो तो कानाला आणि घाईला. धडे थोड्या स्लो स्पीडला लावा, एअरफोन चांगला घ्या, अक्षरं मोठी करा, आणि वेळ लावून घड्याळाशी शर्यत करायचे जे प्रकार असतात ते सरळ बंद करून टाका, त्यात हरल्यावर उगाच वाटतं की आपलं डोकं गेलं. तुमच्याकडे पंचविशीतल्या माणसाकडे नसलेल्या दोन गोष्टी आहेत, वेळ आणि रोज व्हिडिओ कॉलवर येणारी माणसं. जावयाला सांगून ठेवा की पहिली पाच मिनिटं जर्मनच.

मराठीचा काही फायदा होतो का, की इंग्लिश मीडियमवालेच पुढे जातात?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे जरा लांबेल.

जपानी घ्या. ‘वाताशि वा मिझु ओ नोमिमासु’ म्हणजे ‘मी पाणी पितो’, शब्दांचा क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि ‘वा’, ‘ओ’ हे नामाच्या मागे लागतात, आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं लागतात तसेच. कन्नडमध्येही ‘नानु नीरु कुडियुत्तेने’, परत तोच क्रम. इंग्लिशमधून शिकणारा माणूस आधी मनात इंग्लिश वाक्य करतो, मग ते उलटं करतो, म्हणजे दोन कामं. तुम्ही मराठीतून थेट गेलात तर एकच.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्लिशवाले डोकं धरून बसतात. आपल्याला ‘तो, ती, ते’ लहानपणापासून. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, डेअर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. आपल्याशी जुळतं असं नाही, आपला काटा ‘तो’ आणि सुरी ‘ती’, पण निर्जीव वस्तूला लिंग असतं आणि ते पाठच करायचं असतं याचा मराठी माणसाला धक्का बसत नाही. जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी कशी यावर लोक वाद घालतात, आपण घरात ‘ते पोरगं’ बिनदिक्कत म्हणतो.

उच्चारातही एक छोटी लॉटरी लागलीये. चमचा, चाक, चोर यातला च आपण जसा म्हणतो तो जर्मन ‘त्साइट’ आणि जपानी ‘त्सुनामी’ यांच्या सुरुवातीच्या आवाजाच्या अगदी जवळचा आहे, हिंदीवाल्यांना तो मुद्दाम शिकावा लागतो. उलट काही ठिकाणी देवनागरी दगा देते. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी, फरक फक्त ‘बा’ लांबवण्याचा, आणि आपण दोन्हीकडे काना देऊन मोकळे होतो. जर्मनमधला ओठांचा चंबू करून म्हणायचा ‘ऊ’ आणि ‘ई’च्या मधला आवाज तर आपल्या कुठल्याच अक्षरात नाही. म्हणून पहिले काही आठवडे देवनागरीत लिहून घ्या हवं तर, पण सोबत आवाज असलाच पाहिजे.

आता मीडियमचं. बहुतेक कोर्स इंग्लिशमधून असतात आणि ज्याचं इंग्लिश कच्चं तो जर्मन शिकत नसतो, जर्मन आणि इंग्लिश दोन्हीशी झुंजत असतो, आणि मग वाटतं की जर्मन जमत नाहीये. हा फरक कुणी मोजत नाही, पण आपल्याकडे तो मोठा आहे. त्यावर उतारा म्हणजे अंकीवर कार्डं स्वतः बनवा, एका बाजूला जर्मन, मागे सरळ मराठी. जपानी शिकणाऱ्यांनी एनएचके वर्ल्ड या जपानी प्रसारण संस्थेचे ‘ईझी जॅपनीज’ धडे हिंदीतून ऐकावेत, फुकट आहेत.

बोलायची लाज वाटते. ॲपवर सगळं येतं, माणूस दिसला की घशात अडकतं.

हे इतकं सर्रास आहे की १९८६ मध्ये एलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परक्या भाषेची ही भीती मोजायला ३३ वाक्यांची एक प्रश्नावलीच तयार केली. भीतीचा आणि हुशारीचा फार संबंध नाही, उलट जे स्वतःच्या चुका बारकाईने बघतात तेच जास्त घाबरतात असं मला तरी दिसतं.

फोन इथे दोन्ही बाजूंनी काम करतो. व्हॉइस नोट हा लाजाळू माणसासाठी अत्यंत उपयोगी प्रकार, कारण पाठवायच्या आधी चार वेळा रेकॉर्ड करून पुसता येतं. एआय चॅटबॉटशी बोलणं हेही काहींना सोपं जातं, तो हसत नाही. पण काही जण तिथेच मुक्काम ठोकतात, वर्ष झालं तरी माणसाशी बोलत नाहीत, त्यांच्यासाठी फोन ही लपायची जागा झालेली असते. पायऱ्या लावा: आधी एकट्याने मोठ्यांदा, मग व्हॉइस नोट, मग ओळखीच्या शिकणाऱ्या माणसाशी कॉल, मग अनोळखी.

अनोळखी म्हणजे हॅलोटॉक, टँडेम वगैरे, जिथे तुम्ही त्याला हिंदी-मराठी शिकवायची आणि त्याने तुम्हाला त्याची भाषा. मुलींनी तिथे आपला खरा फोटो, पूर्ण नाव, नंबर देऊ नये, भाषा सोडून दुसरंच काही विचारणारे लोक असतात, ब्लॉक करायला क्षणभरही विचार करू नका. या एका कारणाने अनेक जणी बोलण्याचा सराव सोडून देतात आणि मग लोक म्हणतात की मुली बोलायला कमी पडतात. त्यापेक्षा तीन-चार मैत्रिणींचा आपला ग्रुप करा.

लोकलमध्ये उभं राहून रोज पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तेवढ्याने काही होतं? की रविवारी तीन तास बसू?

रोजचं घ्या. हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला भराभर होतं आणि मग मंदावतं. अंकीसारखी ॲप यावरच चालतात, विसरायच्या बेतात असताना कार्ड समोर आणतात. अँड्रॉइडवर ते फुकट आहे.

पण लोकलमध्ये काय करायचं हे तुमच्या जागेवर आहे. विंडो सीट मिळत असेल तर कार्डं. दरवाज्यात लटकत असाल तर फोन खिशात आणि कानात ऑडिओ, आणि तो आधीच डाउनलोड केलेला. नाईट शिफ्टवाल्याने सकाळी घरी येताना नवं काही शिकू नये, जुनं ऐकावं. रविवारचे तीन तास लिहायला आणि बोलायला ठेवा.

घरात एकच स्मार्टफोन असेल आणि तो संध्याकाळी मुलांकडे, तर त्या बाईला ‘रोज नियमित करा’ सांगणं सोपं आहे. तिने कागदावर शब्द उतरवून ओट्याजवळ चिकटवले तरी तेही शिकणंच आहे.

जर्मनीला जायचंय, किंवा जेएलपीटी ही जपानीची परीक्षा द्यायचीय. फोनवर भागेल?

परीक्षा कुठली त्यावर. जेएलपीटीत, सगळ्यात सोप्या एन-५ पासून सगळ्यात अवघड एन-१ पर्यंत, सगळे प्रश्न पर्याय निवडायचे, बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. म्हणजे एकटा फोन घेऊन बसणारा, शांत, चिकाटीचा माणूस त्यात चांगला निघतो. पुण्यात सेंटर आहे. मात्र एन-४ पास होऊन फोनवर जपानी क्लायंटचं ‘मोशी मोशी’ आलं की गडबडणारे पुष्कळ आहेत, कारण ते कधी तपासलंच गेलं नाही.

जर्मनची ग्योथे परीक्षा, सुरुवातीची ए१ असो की पुढची बी१, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं चारही आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबद्दल करार केला, त्यानंतर ही चौकशी गावागावातून होऊ लागलीये. सुरुवातीला डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचं ‘निकोस वेग’ बघा, ए१ ते बी१ पर्यंत गोष्टीच्या रूपात आहे आणि फुकट. पण लिखाण तपासायला आणि बोलायला माणूस लागेल, आणि इथे मी सरळ म्हणेन की जमत असेल तर क्लास लावा. ज्याला स्वतःच्या चुका दिसतात तो उशिरा लावला तरी चालेल, ज्याला दिसत नाहीत त्याने लवकर.

बंगळुरूला बदली झालीये. कन्नड फोनवर येईल ना?

सांगलीत बसून जर्मन शिकणाऱ्यापेक्षा तुम्ही कितीतरी सुखी आहात, कारण खाली उतरलात की कन्नड आहे. फक्त पहिलं वाक्य ‘कन्नड गोत्तिल्ला’ (कन्नड येत नाही) शिकून तिथेच थांबू नका. आयटीवाल्यांची अडचण अशी की ऑफिसात इंग्लिश, सोसायटीत हिंदी, त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं राहून काही न येणारे आहेत आणि सहा महिन्यांत भाजीवाल्याशी घासाघीस करणारेही आहेत.

फोनवर पुस्तकी ‘कुडियुत्तेने’ मिळेल आणि रस्त्यावर ‘कुडीतीनि’ ऐकू येईल. हे कळलं नाही तर वाटतं की ॲप चुकीचं शिकवतंय. रस्त्यावरचं धरा, विचारून रेकॉर्ड करून घ्या. लिपी पहिल्या महिन्यात शिका, बसच्या पाट्या हाच मोठा धडा आहे. बेळगाव-सोलापूरकडचे असाल तर तुमच्या कानात अर्धी भाषा आधीच आहे, बाकीच्यांनी तुमच्याशी बरोबरी करू नये आणि तुम्ही त्यांना ‘एवढं सोपं तर आहे’ म्हणू नये.

मुलगी अडीच वर्षांची आहे. तिच्या हातात भाषेचं ॲप देऊ?

नको. २००३ मध्ये पॅट्रिशिया कुल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी मँडरिन ऐकवली, काहींना समोर बसलेल्या माणसाकडून आणि काहींना व्हिडिओ-ऑडिओवरून. माणसासोबत खेळलेली बाळं त्या भाषेतले आवाज वेगळे ओळखायला शिकली, स्क्रीनवाली नाही. तुमची मुलगी मोठी आहे त्याहून, पण शेजारी तमिळ आजी असतील तर त्यांच्याकडे पाठवा, फोन तुमच्याकडेच राहू दे.

मधे दोन महिने सुटलं. परत पहिल्यापासून करू?

अजिबात नाही. मधूनच कुठूनतरी सुरू करा, जिथे अर्धं कळतंय आणि अर्धं नाही तिथून. पहिल्या धड्यापासून परत सुरू करणारे लोक ‘हॅलो, माझं नाव’ मध्ये फार पटाईत होतात.

माझी बायको लखनौची, सुनेच्या नात्याने घरात सगळ्यांशी मराठी बोलायचंय तिला. माझ्या भावाची बायको तमिळ, ती तिच्या नंतर येऊन पुढे गेली. हिंदीवाल्यांना सोपं जायला पाहिजे ना?

समजायला सोपं जातं, बोलायला म्हणूनच अवघड. तुमच्या बायकोला पहिल्या महिन्यात निम्मं कळलं असणार, आणि ती अडकली की अख्खं घर पटकन हिंदीवर येतं, तुम्ही सगळ्यात आधी. तमिळ जाऊबाईंशी कुणाचं हिंदी धड जुळत नव्हतं, मग सासूबाई हातवारे करत का होईना पण मराठीच बोलल्या. वर ळ तिला घरूनच मिळालेला.

तिला ॲपपेक्षा घरातल्यांच्या व्हॉइस नोट्स द्या. सासूबाईंना सांगा की बाजारातून काय आणायचं ते व्हॉट्सॲपवर लिहायचं नाही, बोलून पाठवायचं, आणि उत्तरही बोलूनच मागायचं. हिंदीतल्या दोन लिंगांवरून आपल्या तीन लिंगांवर येताना ती ‘ते पुस्तक’चं ‘ती पुस्तक’ करेल, तेव्हा हसायचं नाही, नुसतं बरोबर वाक्य परत म्हणायचं आणि पुढे जायचं. आणि संध्याकाळी ठरावीक वेळ घरात हिंदी बंद. दीरांनाही सांगून ठेवा.